चेंडू जमिनीत रुततो तेव्हा

माझी मामेबहीण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्याच सेमिस्टरला प्रोग्रॅमिंगमध्ये केटी लागली आणि तिचा मेसेज आला, "ताई, कोडिंग माझ्या डोक्यातच शिरत नाही. बाबा म्हणतायत, सोड आणि बीएस्सीला जा." बारावीला फिजिक्समध्ये नव्वदच्या वर मार्क पाडणारी मुलगी ही. तिच्या लॅबमध्ये काय चालत असणार, ते मला न विचारता कळलं. प्रोग्रॅम जर्नलमध्ये उतरवायचा, आउटपुट उतरवायचं, सही घ्यायची. काळ्या स्क्रीनवर उत्तर बरोबर आलं तरी ते का बरोबर, हे कुणी विचारत नाही.

मग दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही एक लाल चेंडू घेऊन बसायला लागलो. पायथनसोबत टीकेइंटर नावाची लायब्ररी येते. तिच्यातला कॅनव्हास म्हणजे कोरी पाटी. तिच्यावर गोल काढायचा, 3 पिक्सेल उजवीकडे सरकवायचा, किंचित थांबायचं, पुन्हा सरकवायचा. चेंडू पळत नसतोच. सेकंदाला 50 वेळा जागा बदलली, की आपला डोळा त्याला पळणं म्हणतो. सिनेमा तर 24 फ्रेम्सवर भागवतो.

खरी गोम थांबण्यात आहे. तिनं लूपमध्ये 'स्लीप' लिहिलं आणि विंडो गोठली, वर 'नॉट रिस्पॉन्डिंग'. कारण चित्र काढणारा आणि माउसचं क्लिक ऐकणारा गडी एकच. त्यालाच झोपवलं तर बाकीची कामं कोण करणार? त्याऐवजी 'आफ्टर' वापरायचं. म्हणजे, "20 मिलिसेकंदांनी मला हाक मार" एवढं सांगून बाजूला व्हायचं. आपल्या फोनवरचं ॲप स्क्रोल करताना अडकतं, तेव्हाही अनेकदा असंच कुणीतरी वाट अडवून बसलेलं असतं. माझ्या नोकरीतले कितीतरी दिवस त्याला उठवण्यात जातात.

पुढच्या रविवारी चेंडू खाली सोडला. कॅनव्हासवर वाय वरून खाली वाढतो, त्यामुळे खाली पडायचं तर वेग अधिक. दर फ्रेमला त्या वेगात 0.5 मिळवायला सांगितलं. चेंडू आधी रेंगाळत आणि मग सुसाट खाली गेला. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "ताई, हे व्ही इज इक्वल टू यू प्लस एटी आहे?" तेच होतं. शेकडो गणितांत वापरलेलं सूत्र तिनं पहिल्यांदा पडताना पाहिलं.

उसळी तिची तिनंच लिहिली: जमिनीला टेकला की वेगाला उणे 0.8 नं गुणायचं. दोन-चार टप्पे छान झाले आणि चेंडू थरथरत जमिनीत रुतायला लागला. मी उत्तर सांगितलं नाही. तासाभरानं तिचा फोन आला. तिनं प्रत्येक फ्रेमचे आकडे प्रिंट करून पाहिले होते. चेंडू जमिनीच्या खाली गेलेला असतो, उसळीचा वेग कमी पडतो, पुढच्या फ्रेमलाही तो खालीच असतो, म्हणून दिशा पुन्हा उलटते. उपाय एका ओळीचा: आधी त्याला जमिनीवर आणून ठेवायचं, मग उसळवायचं.

सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये मुलांसाठी लोगो ही भाषा केली. पुढे तिच्यात हुकूम ऐकणारं कासव आलं. कासव कुठे वळेल हे कळत नसेल, तर मूल स्वतः तसं चालून बघू शकतं. चूक डोळ्यांना दिसते, त्यामुळे ती शोधताना कुणासमोर मान खाली घालावी लागत नाही. लाल रेघेनं खोडलेल्या जर्नलमध्ये हे होत नाही.

असा चेंडू आज एआयला सांगितलं तर काही सेकंदांत मिळतो, हे तिलाही माहीत आहे. पण तो का रुतला हे शोधण्याचा तो तास तिच्या स्वतःच्या खात्यावर जमा झालाय.

केटीचा पेपर सी भाषेचा आहे, त्यात चेंडू नसेल. लूप आणि इफ मात्र तेच असतील. मामाला मी एवढंच सांगितलंय, की निकाल लागेपर्यंत बीएस्सीचा फॉर्म आणू नकोस.