दुधाचे दात

पातूर. शेजारच्या डाऊन सिंड्रोम असलेल्या बालकाच्या मातेने आज विचारले, की सात वर्षे सरली तरी याचे दुधाचे दात हलत कसे नाहीत. आणि त्या प्रश्नाने माझे मन दिवसभर व्यापले. २१ व्या गुणसूत्राची एक प्रत अधिक घेऊन जन्मलेल्या या मुलांचे दात उशिरा येतात, काही मुळी येतच नाहीत, आणि जे येतात ते बहुधा लहान व विरळ असतात. म्हणून कीड त्यांनाच अधिक लागते हा सार्वत्रिक ग्रह पुष्कळदा निराधार ठरतो. खरा शत्रू हिरड्यांत दडलेला असतो, आणि प्रतिकारशक्तीच उणी असल्यामुळे तो ऐन तारुण्यात दातांभोवतीचे हाड झिजवू लागतो. शिवाय जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. त्यांपैकी काहींना दात काढण्यापूर्वी प्रतिजैविक देणे अगत्याचे असते.

सरकारदरबारी तजवीज नाही असे नव्हे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून आरंभलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत डाऊन सिंड्रोम आणि दंतविकार, दोहोंचीही नोंद आहे. तपासणी अंगणवाडीत आणि शाळेत होते. परंतु ज्याचे नाव शाळेच्या पटावरच नाही, त्याचे तोंड कोण पाहणार, ही चिंता मला सोडीत नाही.

मुलाच्या मागे बसून, त्याचे मस्तक आपल्या छातीशी टेकवून, मऊ ब्रशाने हिरडीच्या कडेपर्यंत दात घासावेत, आणि अकोल्यास दंतवैद्याकडे जाताना हृदयाच्या तपासणीचे कागद सोबत न्यावेत, असे मी तिला सांगितले आहे.