कण्हेरीचा ओढा

जबल म्हणजे डोंगर. जबल अली म्हणजे अलीचा डोंगर. नाव असं असलं, तरी सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला इथे डोंगर सापडत नाही. नजर टाकावी तिकडे सपाटी, गोदामांची पत्र्याची छपरं आणि त्यापलीकडे बंदराच्या उंच क्रेन. १९७९ साली दुबईचं हे बंदर खुलं झालं, १९८५ मध्ये त्याला लागून मुक्त व्यापार क्षेत्र आलं, आणि पुढच्या काळात न्हावा-शेव्याला जहाजावर चढलेले असंख्य कंटेनर या धक्क्यावर उतरत आले आहेत. त्यांच्या नोंदी करणाऱ्या, त्यांची कागदपत्रं तपासणाऱ्या हातांमध्ये पनवेलचे, चिपळूणचे, जुन्नरचे हातही आहेत. या माणसांना आठवडाभर डोंगर आठवत नाही. गुरुवारी रात्री मात्र आठवतो.

गुरुवारी रात्री फोनवर पहिला निरोप येतो: ‘शनिवारी हत्ता?’

१ जानेवारी २०२२ पासून अमिरातीच्या सरकारी कचेऱ्यांची सुट्टी शनिवार-रविवार झाली, शुक्रवारी दुपारनंतर काम थांबू लागलं. शाळाही त्याच वेळापत्रकावर आल्या. त्याआधी सुट्टी शुक्रवार-शनिवारची असायची. गोदामात काम करणाऱ्या कित्येकांना आजही आठवड्याला एकच दिवस मोकळा मिळतो, म्हणून बेत आखताना प्रत्येकाची पाळी विचारावी लागते. कुणाची रात्रपाळी शनिवारी पहाटे संपते, कुणाला रविवारी सकाळी हजर राहायचं असतं. या जुळवाजुळवीत तासभर जातो आणि मग खरं बोलणं सुरू होतं: पाणी किती घ्यायचं?

हत्ता हा दुबईचाच भाग, पण दुबईपासून तुटून हजर पर्वतात जाऊन बसलेला. जबल अलीपासून जवळजवळ दीडशे किलोमीटर. जुना सरळ रस्ता मध्येच ओमानच्या एका छोट्या तुकड्यातून जातो, म्हणून परदेशी रहिवासी शारजातल्या मलीहाकडून वळसा घेतात. वळसा वाया जात नाही. मलीहाजवळच्या फाया परिसराला २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. तिथे माणसाच्या वावराच्या खुणा दोन लाख दहा हजार वर्षांपर्यंत मागे जातात. या वाळवंटातून डोंगराकडे जाणारी वाट किती जुनी आहे, हे गाडीच्या खिडकीतूनच कळतं.

हजर या अरबी शब्दाचा अर्थच दगड. हत्त्याभोवतीचा बराचसा दगड मुळात समुद्राच्या तळाचा आहे. साधारण साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी एका नाहीशा झालेल्या महासागराखाली तो घडला आणि नंतर भूपट्टांच्या रेट्याने अरबस्तानच्या कडेवर चढून बसला. त्यात गॅब्रो नावाचा काळपट खडक आहे. गॅब्रो आणि आपल्या सह्याद्रीचा बेसाल्ट यांचं रसायन जवळपास एकच. बेसाल्टचा लाव्हा उघड्यावर आला आणि झटपट निवला, गॅब्रो खोल पोटात सावकाश निवत राहिला. राजगडाच्या कातळाला हात लावून मोठा झालेला माणूस हत्त्याच्या घळीत शिरताच थबकतो, ते उगाच नाही. दगड ओळखीचा वाटतो, कारण नातं खरंच आहे.

पण पाऊल टाकलं की फरक कळतो. सह्याद्रीत चढताना आधाराला कारवी असते, गवत असतं, मुळं असतात. इथे सगळा उतार उघडा. उन्हाथंडीने फुटलेल्या दगडाचा घसारा, टोकदार आणि सुटा. त्यामुळे बेतातली दुसरी चर्चा बुटांची. घोट्याला धरून ठेवणारा, जाड तळव्याचा बूट नसेल त्याने हत्त्याच्या धरणाच्या काठावर मुलांसोबत थांबावं, असं अनुभवी मंडळी स्पष्ट सांगतात. हा मोकळेपणा फार मोलाचा असतो. घळीत शिरल्यावर नाही म्हणणं कठीण जातं.

या मंडळींतल्या पुण्या-नाशिककडच्यांना हत्ता म्हटलं की सांधण आठवते. अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाशेजारची ती अरुंद घळ, जिच्या तळाशी ऊन जेमतेम पोचतं, जिथे कमरे-छातीएवढ्या पाण्यातून पिशव्या डोक्यावर धरून जावं लागतं. सांधणजवळच घाटघर आहे. तिथे पाणी खालून वर चढवून पुन्हा खाली सोडत वीज करण्याचा २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे. हत्त्याच्या डोंगरातही दुबईने तशाच पद्धतीचा प्रकल्प उभारला, आणि त्याची क्षमताही २५० मेगावॉटच. घाटघरला मागणी कमी असताना उरलेली वीज पाणी वर नेते. हत्त्यात ते काम दिवसाच्या सौरविजेने करायचं. दोन घळी, दोन देश, आणि पाण्याला डोंगर चढायला लावणारी एकच युक्ती.

पाण्याचा हिशोब मात्र दोन्हीकडे अगदी वेगळा. सह्याद्रीच्या किल्ल्यावर निघताना आधी विचारतात, टाकं कुठे आहे, बारमाही आहे का. इथे टाकं नाही. वर्षाला सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा देश; प्यायचं पाणी सगळं पाठीवर. दिवसभराच्या चालीला माणशी चार लिटर, आणि त्यातलं अर्धं संपलं की जिथे असू तिथून मागे फिरायचं, हा नियम. सोबत मीठ-साखरेचं पाणी, कोकमाचं सरबत. शिधा मात्र घरचाच: दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, काकड्या. दशमी प्रवासात टिकते, म्हणूनच तर आजीने ती शोधली असणार; या कोरड्या हवेतही ती मऊ राहते.

नेलेल्या पाण्याची काळजी घ्यायची, तशी आपोआप येणाऱ्या पाण्याचीही. घळीतली ही वळणं, हे गुळगुळीत कठडे पाण्यानेच कोरलेत. उघड्या खडकावर पाऊस मुरत नाही. वर कुठेतरी, ओमानच्या बाजूला सर आली, की डोक्यावर निळं आभाळ असतानाही वादीत, म्हणजे इथल्या एरवी कोरड्या ओढ्यात, लोंढा येऊ शकतो. १६ एप्रिल २०२४ ला अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे एका दिवसाच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस झाला, १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा. २०२३ पासून पूर आलेल्या वादीत गाडी घालणाऱ्याला २,००० दिरहम दंड, परवान्यावर २३ काळे गुण आणि ६० दिवस गाडी जप्त अशी शिक्षा आहे. पावसात वादीच्या किंवा धरणाच्या काठी गर्दी केली तरी १,००० दिरहम. पावसाळ्यात सांधणमध्ये उतरू नये हे साम्रदच्या माणसाला सांगावं लागत नाही. इथे नव्याने आलेल्यांना कायद्याने सांगावं लागलं, आणि ते योग्यच झालं.

काही जागी तर जायचंच नसतं. फुजैरातली वादी वुरैया ही या डोंगरातली फार सुंदर घळ. तिला २००९ मध्ये संरक्षण मिळालं, २०१० मध्ये ती रामसर पाणथळ ठरली. कचरा आणि दगडांवरची रंगरंगोटी वाढल्यावर २०१३ च्या अखेरीस ती सर्वसामान्य पर्यटकांना बंद केली गेली. जगात फक्त हजर पर्वतात राहणारा अरबी ताहर, डोंगरी बकऱ्यासारखा तो प्राणी, तिथे मुक्कामाला. गडांवर कोरलेली नावं पाहून ज्यांचा जीव तुटला आहे, त्यांना हा निर्णय समजावून सांगावा लागत नाही.

मुक्काम. हा शब्द अरबीच. मजल, नकाशा, किल्ला, बुरूज हेही तिथूनच फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले. हत्त्याच्या जुन्या वस्तीत १८९६ चा किल्ला आहे आणि टेकड्यांवर राखणीचे दोन गोल बुरूज. त्यांना अरबीत बुर्ज म्हणतात. राजगडाची पोरं ‘बुरूज’ म्हणतात, आणि वाट दाखवणाऱ्या म्हाताऱ्याला ते लगेच कळतं. खाली खजुरांच्या बागेत फलज वाहतो, म्हणजे आपला पाट. वेळ मोजून ज्याची त्याची पाणपाळी ठरते, हे ऐकून खानदेशातल्या माणसाला गावची पाणीवाटपाची फड पद्धत आठवते.

झाडं तर सगळी माहेरची. रस्त्याकडेच्या वाळूत गाफ उभा असतो, अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष. तोच आपला शमी, दसऱ्याला पुजायचा, पांडवांनी शस्त्रं लपवली तो. पुढे बाभळीची भावंडं, बोरीची भावंडं, मारुतीला वाहतात ती रुई. आणि वादीच्या तळाशी, जिथे गोट्यांखाली ओल आहे, तिथे गुलाबी फुलांची कण्हेर, कुणी न लावलेली. देव्हाऱ्यासाठी परसात लावतात ती कण्हेर इथे रानात, आपल्या मर्जीने वाढते. तिचा चीक विषारी, मुलांनी हात लावू नये, हेही बेताच्या यादीत लिहिलं जातं. पण ती दिसली म्हणजे पाणी जवळ आहे, हेही त्याच ओळीत.

शुक्रवारी रात्री हवामान पुन्हा पाहिलं जातं, आपल्या बाजूचं आणि ओमानच्या बाजूचंही. इमारतीच्या राखणदाराकडे वाटेचा नकाशा आणि परतायची वेळ लिहिलेली चिठ्ठी राहते. डिसेंबरात इथे सूर्य सातला उगवतो आणि साडेपाचला मावळतो. घळीत अंधार त्याहून लवकर. म्हणून गजर पहाटे साडेतीनचा. साडेचारला गाडी निघते तेव्हा बंदराचे दिवे पेटलेले असतात, कुणीतरी धक्क्यावर उरणहून आलेला डबा उतरवून घेत असतं. मागच्या आसनावर मुलं दशम्यांच्या डब्याला टेकून झोपलेली. पायांशी बाटल्या एकमेकींवर आपटत राहतात, पुढे पूर्वेला अजून काहीच दिसत नाही.