सोडला!

कॅरममध्ये शेवटची सोंगटी जाईपर्यंत खेळावं लागतं. क्रिकेटमध्ये अकरावा गडीसुद्धा पॅड बांधून उतरतो. बुद्धिबळात मात्र मात व्हायच्या आधीच ‘सोडला’ म्हणायची सोय आहे, आणि सगळी भानगड या सोयीतच आहे. सोडायचा, पण कधी?

जागतिक महासंघाच्या नियमाला एक ओळ पुरते: खेळाडूनं हार मानल्याचं सांगितलं की डाव तिथंच संपला. कसं सांगायचं, ते नियम सांगत नाही. राजा आडवा पाडणं सिनेमात जास्त दिसतं. स्पर्धेत घड्याळ थांबवतात, हात पुढे करतात, कागदावर सही करतात आणि उठतात.

आमच्या डोंबिवलीत गणपतीत सोसायट्यांमधून कॅरम-बुद्धिबळाच्या स्पर्धा लागतात. पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, गुंडाळीचा पट, कडेला गाड्यांची हँडलं. अशाच एका डावात एका काकांकडे राजा आणि एक अडलेलं प्यादं उरलं होतं. समोर तिसरीतला मुलगा, त्याच्याकडे वजीर आणि हत्ती. भोवती कोंडाळं.

“अहो काका, सोडा की आता. आरतीची वेळ झाली.”

“का सोडू? मात करून दाखव म्हणावं.”

मुलानं घाईघाईत वजीर एक घर जास्त पुढे नेला. काकांच्या राजाला शह नाही आणि हलायला घरही नाही. कुजी! अर्धा गुण. मुलाचा ओठ थरथरला, त्याची आई काकांकडे ज्या नजरेनं बघत होती ती प्रसाद घेतानाही निवळली नव्हती.

काकांचं वागणं बऱ्याच जणांना कोतं वाटलं. मला नाही. डाव सोडण्यात समोरच्याला दिलेली पावती असते: तुला पुढचं येतं, ते मला बघायची गरज नाही. तिसरीतल्या मुलाला ती पावती आधीच देऊन टाकायची कशाला? शिकवणारे सरही लहान मुलांना हेच बजावतात की सोडायचं नाही, त्याला मात करू दे.

आपल्या जुन्या देशी खेळात तर मात कशानं केली यालाही मान होता. प्याद्यानं केलेली मात सगळ्यांत वरची. सगळी मोहरी मारून नुसता राजा उरवला तर ती बुर्जी, पुरती जीत नव्हे. अशा खेळात कुणी मधेच उठून गेला तर जिंकणाऱ्याच्या तोंडचा घासच गेला म्हणायचा. आजही समोरचा सुंदर मात रचत असेल आणि ती दोन चालींवर आली असेल, तर ती पटावर होऊ देणारे जाणते खेळाडू असतात. मला तो दिलदारपणा वाटतो.

उलट्या बाजूनं, घाईनं सोडणाऱ्यांचीही परंपरा मोठी आहे. १९०२ साली मोंटे कार्लोला गेओर्ग मार्कोनं फॉन पोपिएलविरुद्ध उंट जाणार म्हणून डाव सोडला. तोच उंट हलवला असता तर मार्को जिंकत होता. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकापुढे दुसऱ्या डावात कास्पारोव्हनं हार मानली, आणि त्या स्थितीत बरोबरीची वाट होती असं मागाहून विश्लेषकांनी दाखवलं. समोरच्यावर इतका विश्वास, की आपल्याच पटावरचं दिसेना.

वेळेवर सोडणं बघायचं तर जुलै २०२५ मधलं बातुमी. महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत, टायब्रेकचा दुसरा जलद डाव. कोनेरू हम्पी अनुभवानं कितीतरी मोठी, समोर नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख. आशा होती तोवर हम्पी लढली, ती संपल्यावर तिनं हार मानली. मग दिव्या आईच्या गळ्यात पडून रडली, ते सगळ्यांनी पाहिलं. हम्पीचं शांतपणे उठणं फार थोड्यांच्या लक्षात राहिलं असेल.

हे समोरासमोर सोडणं झालं; फोनवरून डाव सोडायची चालही तशी जुनी. १९७२ मध्ये रेक्याविकला तहकूब राहिलेला एकविसावा डाव स्पास्कीनं फोनवरूनच सोडला, जगज्जेतेपदासकट. त्याचा प्रतिस्पर्धी फिशर ठरल्या वेळी खेळायला आला तेव्हा पंच लोथार श्मिड यांच्याकडे निरोप होता.

आता संध्याकाळच्या कल्याण फास्टमध्ये निम्मा डबा फोनवर असतो आणि त्यात बुद्धिबळवाले बरेच. इथं मात्र एक वाईट खोड बोकाळली आहे. वजीर गेला की न खेळता, न सोडता, घड्याळ तसंच पळू द्यायचं. पलीकडे कुणीतरी सात मिनिटं पडद्याकडे बघत बसतो. फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या तेव्हा ‘रेंज गेली’ ही सबब तरी होती. आता त्या कळवा-मुंब्र्याकडून जातात, तीही राहिली नाही.

तेव्हा, गाडीतल्या मंडळींनो, समोरच्याला खेळता येतंय आणि त्याच्याकडे वेळही आहे, हे कळलं असेल तर झेंड्याचं बटण दाबा आणि दिवा स्टेशनलाच दाराकडे सरका. डोंबिवलीला आयत्या वेळी उठलेल्याला उतरता येत नाही.