चादरीच्या कोपऱ्यातलं नाव

आईच्या लग्नातली सोलापुरी चादर अजून घरात आहे. कोपऱ्यात कारखान्याचं नाव विणलेलं. एका बाजूनं तांबड्यावर पांढरी अक्षरं. चादर पालटली की रंगांची अदलाबदल होते आणि अक्षरं उलटी होतात, आरशातल्यासारखी.

अठराव्या शतकात हॉलंडमधले व्यापारी काचेच्या पेल्यांवर अशीच अक्षरं कोरून घेत. एखादं जहाज, आणि त्याबरोबर व्यापाराच्या भरभराटीचं मागणं. तांब्याच्या फिरत्या चकतीला तेल आणि कुरुंदाची पूड लावून कारागीर काच किंचित खरवडायचा. पेल्याच्या पलीकडून पाहिलं की तीही अक्षरं उलटी. तिथं काच खरवडून चित्र उमटतं, सोलापुरात ते भोकांतून उमटतं.

आधी चौकडीच्या कागदावर फूल रंगवायचं. मग चौकोन मोजत पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि मधल्या फटीतून धोटा धावतो. कार्डांची माळ मागाच्या डोक्यावर सरकत राहते. १८०४ मध्ये लिओंच्या जोसेफ-मारी जाकारनं बसवलेली ही युक्ती. त्याचं नाव इथं 'जेकार्ड' म्हणून रोजच्या बोलण्यात रुळलं आहे. काय विणायचं ते कार्डात असतं खरं, पण तुटलेला धागा ओळखून गाठ मारणारी बोटं माणसाचीच. ती गाठ चादरीवर शोधूनही सापडत नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

१८७७ मध्ये सोलापुरात पुढे 'जुनी मिल' म्हणून ओळखली गेलेली कापडगिरणी सुरू झाली. मग आणखी गिरण्या आल्या, आणि एकेक करून बंदही पडल्या. माग मात्र शहराच्या पूर्व भागात खडखडत राहिले, घरात तेलुगू आणि बाजारात मराठी बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांच्या वस्तीत.

हॉलंडमधला तो पेला मेजवानीपुरता हातात यायचा. ही चादर बाळाची झोळी झाली, दवाखान्यात रात्र काढताना अंगावर आली, वडिलांच्या वारीच्या पिशवीत गेली. फूल आता विरलं आहे, नाव अजून वाचता येतं.

भौगोलिक मानांकन मिळवणारं महाराष्ट्रातलं पहिलं उत्पादन म्हणजे सोलापुरी चादर. तरीही दुसरीकडे विणलेल्या चादरी 'सोलापुरी' म्हणून सर्रास खपतात. तेव्हा चादर घेताना घडी मोडा, कोपरा उलगडा आणि विणलेलं नाव वाचा.