सहामाही प्रगतिपुस्तक

काल हाताचं प्लास्टर निघालं. सहा आठवड्यांनी स्वतःचं मनगट पाहिलं, तर ते एखाद्या आजारी मुलाचं वाटलं. बारीक, पांढुरकं, कातडी सुटलेलं. आज रविवार, ६ जुलै. आषाढी आणि आशुरा यंदा एकाच दिवशी आले आहेत. घर शांत आहे, म्हणून वही काढून बसलोय.

वर्गात मुलांची प्रगतिपुस्तकं भरताना मी 'अजून प्रयत्न हवा' हा शेरा इतक्या वेळा लिहिलाय की तो हाताला पाठ झालाय. आता स्वतःचं भरायची वेळ आहे.

१ जानेवारीला याच वहीच्या शेवटच्या पानावर चार गोष्टी लिहिल्या होत्या. वर्षभरात ३००० किलोमीटर सायकल. सिंहगड एकदा तरी पाय न टेकवता चढायचा. २०० किलोमीटरची बीआरएम वेळेत पुरी करायची. आणि बोपदेव घाटाच्या माथ्यावरून डांबरी रस्ता सोडून खाली जाणारी मुरमाची एक वाट आहे, ती माउंटन बाइकवर, पुन्हा पाय न टेकवता, उतरायची. वय ४६, वजन ८१ किलो, नोकरी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवायची. राहायला कोंढव्यात, म्हणजे बोपदेव घाट दाराशीच.

आधी आकडे. जानेवारी ३१०, फेब्रुवारी २९०, मार्च ८४, एप्रिल २४०, मे १९८, जून शून्य. एकूण ११२२. निम्म्या वर्षात १५०० व्हायला हवे होते, ३७८ कमी पडले.

मार्चबद्दल मला काही म्हणायचं नाही. रमजान होता. पहिल्या आठवड्यात असरनंतर निघून इफ्तारच्या आधी परतायचं असं ठरवलं. तिसऱ्या दिवशी येवलेवाडीच्या चढावर डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि एका गॅरेजच्या पायरीवर बसून राहिलो. मग तरावीहनंतर गल्लीतल्या पोरांबरोबर रात्री साडेदहाला चार-पाच फेऱ्या मारल्या. पोरं चहासाठी थांबायची, मीही थांबायचो. ८४ किलोमीटरमधले निम्मे तर चहाच्या दिशेनेच झाले असतील. त्या रकान्यात मी लाल शाई वापरलेली नाही.

बीआरएमची गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण तिच्यावरून मला बरंच ऐकून घ्यावं लागलं. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, हा जगभर एकच नियम. सकाळी सहाला निघालो की संध्याकाळी साडेसातच्या आत परत यायचं. फेब्रुवारीतल्या एका रविवारी निघालो. कात्रज, शिरवळ, खंबाटकी घाट, साताऱ्याच्या अलीकडून माघारी. मी पोहोचलो सात पंचावन्नला. पंचवीस मिनिटं उशीर, म्हणजे पदक नाही, नोंद नाही, काही नाही. बरोबरचा एकजण समजुतीने म्हणाला, "सर, तुम्ही नमाजला थांबला नसतात ना, तर झालं असतं." वाईट हेतू नव्हता त्याचा. घरी येऊन मी प्रामाणिकपणे हिशेब मांडला. दोन वेळची नमाज मिळून बावीस मिनिटं. दोन पंक्चर, पहिल्याला वीस आणि दुसऱ्याला पस्तीस मिनिटं, कारण दुसरी ट्यूब घेतलीच नव्हती, पहिलीलाच ठिगळ लावत बसलो. आणि शिरवळच्या पुढे मिसळ, पन्नास मिनिटं. मिसळीबद्दल कोणी काही बोललं नाही.

सिंहगड झाला. अलहमदुलिल्लाह! २० एप्रिलला, तिसऱ्या प्रयत्नात. गोळेवाडीपासून वरच्या वाहनतळापर्यंत एक तास बत्तीस मिनिटं. माझ्या निम्म्या वयाची मुलं बोलत-हसत पुढे निघून जात होती. एका वळणावर तर पाठीवर दप्तरासारखी पिशवी घेतलेल्या एका आजोबांनी, ते पायी होते, मला गाठलं आणि थोडा वेळ माझ्या बरोबरीने चालले. पण पाय टेकवला नाही. वर जाऊन दही खाल्लं. चारपैकी एक.

आता चौथी गोष्ट. तिच्याकडे यायला मी टाळाटाळ करतोय हे तुमच्या लक्षात आलं असेल.

त्यासाठी आधी अब्बांबद्दल सांगावं लागेल. अब्बा आता ७९ वर्षांचे आहेत. १९६८ पासून पस्तीस वर्षं त्यांनी भवानी पेठेतून सायकलवर पाव विकला. मागे कॅरिअरवर पत्र्याची मोठी पेटी, तिच्यात पाव, खारी, बटर, नानकटाई. पहाटे बेकरीतून माल घ्यायचा, हडपसर, फुरसुंगीपर्यंत दारोदार द्यायचा, दुपारी परत. अब्बा तिला कधी सायकल म्हणाले नाहीत, 'गाडी' म्हणायचे. २००३ मध्ये माझं बी.एड. झालं, नोकरी लागली आणि त्याच महिन्यात अब्बांनी गाडी विकली. म्हणाले, "अब इस घर में साइकल नहीं आएगी."

वीस वर्षांनी ती आली, आणि तीही ३२ हजारांची. दोन वर्षांपूर्वी ती घरी आणली त्या दिवशी अब्बांनी किंमत विचारली, मी सांगितली, आणि ते उठून आत गेले. नंतर मशिदीबाहेर त्यांना कोणीतरी विचारलं, "मास्टरसाब की गाडी बिक गई क्या?" माझी मोटारसायकल तेव्हाही खाली उभी होती. पण मास्तर पायडल मारत जाताना दिसला, एवढं पुरेसं होतं. ज्या घरात सायकल पोटासाठी चालली, तिथे ती हौसेने चालवणं हे अब्बांच्या लेखी अंगावर फाटका सदरा घालून मिरवण्यासारखं होतं. ते मला काही बोलले नाहीत. सायकलवर नुसती नजर टाकायचेही नाहीत.

मी फज्रनंतर लगेच, अंधारातच निघतो. तेव्हा रहदारी नसते, हवा बरी असते, असं सगळ्यांना सांगतो. ते खरंही आहे. पण गल्लीत तेव्हा कोणी नसतं, हेही मला बरं वाटायचं. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

तर २५ मे, रविवार. यंदा पावसाने मे महिनाच खाल्ला हे तुम्हाला आठवत असेल. आठवडाभर वळिवाने झोडपलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी, २६ तारखेला, मोसमी पाऊस पुण्यात पोहोचल्याचं जाहीरही झालं. ती वाट मी एप्रिलमध्ये दोनदा उतरलो होतो. दोन्ही वेळा दोन-दोनदा पाय टेकवले होते. कोरड्या मुरमावर चाक गोट्यांवर चालल्यासारखं घसरतं, पण तो घसरणं कळवून घसरतो. ओली काळी माती तसं करत नाही. ती टायरच्या खाचांत भरते, टायर गुळगुळीत करून टाकते आणि गप्प राहते.

शाळेतले पी.टी.चे सर बरोबर होते. ते म्हणाले, "आज नको, घाटातूनच परत जाऊ." मी म्हणालो, "वाट तर बघून येऊ." वर्गात एखादा मुलगा असं म्हणाला असता तर मला लगेच कळलं असतं तो काय करणार आहे ते.

पहिला टप्पा सुरेख उतरलो. सीट खाली केलेली, वजन मागे, गुडघे सैल, जसं शिकलो होतो तसं. दुसऱ्या वळणावर वाटेच्या मधोमध एक काळा दगड पावसाने उघडा पडला होता. एप्रिलमध्ये तो नव्हता, निदान एवढा वर नव्हता. डोंगरात सायकल चालवणारे पहिल्याच दिवशी सांगतात की नजर जिथे जाते तिथे चाक जातं, म्हणून जिथे जायचंय तिथे बघा. मी दगडाकडे बघत राहिलो. त्या क्षणी पाय टेकवला असता तर थांबलो असतो, एवढा वेळ होता. पण वहीत तर लिहिलं होतं ना. मी पाय पायडलवरच ठेवला आणि पुढचा ब्रेक पूर्ण दाबला. पुढचं चाक जागीच थांबलं, मी थांबलो नाही. हँडलवरून पुढे गेलो आणि डावा तळवा टेकून पडलो. आवाज मी ऐकला. हाड मोडल्याचा आवाज ओल्या फांदीसारखा येतो, कोरड्या नाही.

पी.टी.च्या सरांनी माझा हात त्यांच्या जाकिटाने गळ्यात बांधला. वर रस्त्यापर्यंत चालायला चाळीस मिनिटं लागली. ते एका हाताने माझी सायकल आणि दुसऱ्याने स्वतःची ढकलत होते, आणि एका शब्दानेही 'मी म्हणालो होतो' असं म्हणाले नाहीत. त्यांचे उपकार मी कसे फेडणार माहीत नाही.

दवाखान्यात बायको रडून झाली, रागावून झाली. अब्बा सगळ्यांत शेवटी आले, पलंगाशी उभे राहिले, हाताकडे पाहिलं आणि विचारलं, "गाडी कहाँ है?"

गाडी म्हणाले. बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की मी तर गप्पच बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमधून आवाज आला म्हणून खाली गेलो. अब्बा स्टुलावर बसून फडक्याने चिखल काढत होते. पुढचं चाक उचलून फिरवायचे आणि कान लावून ऐकायचे. "एक तान ढीली है," म्हणाले. मग बराच वेळ रिमपाशी काहीतरी शोधत राहिले. शेवटी विचारलं, "इसको ब्रेक किधर है रे?" मी चाकाच्या मधली डिस्क दाखवली. ते तिच्याकडे बघत राहिले. मग फक्त म्हणाले, "घंटी भी नहीं है."

बकरी ईद हातात प्लास्टर घेऊनच झाली. गळाभेटीच्या वेळी सगळे एका बाजूनेच भेटत होते आणि प्रत्येकाला तीच कहाणी. १६ जूनला शाळा उघडली, फळ्यावर उजव्या हाताने लिहायचं आणि डस्टर मुलांकडे द्यायचा, असं चाललं.

२२ जूनला ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला निघाली. रविवार होता, टीव्ही लावून बसलो होतो. दिवे घाटाचं ते वरून घेतलेलं दृश्य तुम्हीही दरवर्षी बघत असाल, वळणावळणांनी चढत जाणारी माणसं आणि रथाला जोडलेल्या जादा बैलजोड्या. अब्बा एकदम टीव्हीच्या जवळ गेले आणि पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "यहाँ. यहाँ उतर के चलता था मैं."

मला हे माहीतच नव्हतं. अब्बा सासवडला माल घेऊन जायचे, वर्षातून एकदा. पालखी घाट चढते ती एकादशीला. त्या दिवशी वारकऱ्यांचा उपवास, पाव कोण घेणार? सासवडला पालखी थांबते. म्हणून अब्बा बारशीला जायचे. मध्यरात्री बेकरीतून पेटी भरून घ्यायची, अंधारात गाडी ढकलत दिवे घाट चढायचा आणि उजाडताना सासवडला. उपवास सुटायच्या वेळी दोन तासांत पेटी रिकामी. तिथली दोन घरं त्यांना नावाने ओळखायची. मग दुपारी रिकामी गाडी घेऊन घाट उतरायचा.

"भरी गाडी का डर नहीं," अब्बा म्हणाले, "खाली गाडी नाचती है."

त्या गाडीला दांड्यांचे ब्रेक. पावसात ते लागायचे नाहीत. मी विचारलं, मग उतरायचात कसे? ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसा मी एखाद्या मुलाने 'पाणी कसं पितात' विचारल्यावर बघेन. "उतर के. दो मोड थे, वहाँ उतर के चलता था. फिर बैठ जाता. उतरने में कायकी शरम?"

मी मनातल्या मनात हिशेब केला आणि मग कागदावर केला. दिवसाला तीस किलोमीटर, वर्षाचे तीनशे दिवस, पस्तीस वर्षं. तीन लाख पंधरा हजार. त्यांना वाचून दाखवला. अब्बा म्हणाले, "किलोमीटर कौन गिनता था? पाव गिनते थे."

त्यानंतर त्यांनी मला विचारलं की मी नक्की कसा पडलो. चार आठवड्यांत त्यांनी हे विचारलं नव्हतं. मी सगळं सांगितलं, दगड, ब्रेक, वहीत लिहिलेलं. 'पाय न टेकवता' हे त्यांना समजावून सांगायला बराच वेळ लागला. "मतलब, पाँव रखे तो कौन काटता मार्क?" मी म्हणालो, मीच.

डॉक्टरांनी सांगितलंय की रस्त्यावरची सायकल अजून दोन आठवड्यांनी, डोंगर तीन महिन्यांच्या आधी नाही. बायकोचं म्हणणं आहे, डोंगर कधीच नाही. यावर आमची चर्चा सुरू आहे आणि सध्या मी हरतोय. स्पंजचा चेंडू दाबायला दिलाय, सकाळी पन्नास वेळा, रात्री पन्नास वेळा. ३००० होणार नाहीत, २२०० वर आणलेत. बीआरएम डिसेंबरमध्ये, दोन ट्यूब घेऊन. चौथ्या ओळीतले 'पाय न टेकवता' हे शब्द खोडलेत. ती ओळ ठेवायची की नाही ते ऑक्टोबरनंतर, घरात विचारून.

मघाशी खाली जाऊन सायकल बघून आलो. हँडलवर पितळी घंटी बसवलेली आहे. माउंटन बाइकवर ती अगदीच विचित्र दिसते. अब्बा म्हणाले, हात बरा झाला की एक दिवस नऊ वाजता निघ, नाश्त्याच्या वेळेला, आणि भवानी पेठेतून अर्धा किलो खारी आण. नऊ वाजता आमच्या गल्लीत सगळी दुकानं उघडलेली असतात, निम्मा मोहल्ला बाहेर असतो. मी म्हणालो, अजून दोन आठवडे लागतील.

"लगने दे," म्हणाले, "खारी कहाँ भागी जाती?"