लेकीचे केस आणि बाजारातला ब्रश

मुलीचे लांब केस ठेवायचे की कापून टाकायचे, हा प्रश्न आमच्या सिंदेवाही भागात दरवर्षी रोवणीच्या तोंडावर घरोघरी निघतो. कारण उघड आहे. हा धानाचा मुलूख. पऱ्हे उपटायला नि रोवायला बाया सकाळीच घर सोडतात आणि दिवसभर बांधीत वाकून असतात. डोक्यावर पॉलिथिनचा कागद घेतला तरी आतला अंबाडा ओला तो ओलाच. संध्याकाळी घरी आल्यावर चूल आधी की केस आधी? चूलच आधी. मग रात्री ते ओले, घामाने चिकटलेले केस घाईघाईने ओढले जातात, आणि तीच घाई मुलीच्या डोक्यावरही चालते. मुलगी रडते, आई वैतागते आणि शेवटी कात्री निघते.

आखूड केसांत वावगे काहीच नाही. ज्या मुलीला ते आवडतात तिने खुशाल ठेवावेत. पण मुलीला लांब केस हवे असताना, केवळ घरात वेळ नाही आणि फणी टोचते म्हणून ते जावेत, हे आम्हाला पटत नाही. आमच्या वस्तीत संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. दोन पावसाळ्यांपूर्वी त्या वर्गातली एक मुलगी एकाएकी डोक्याला ओढणी घट्ट बांधून येऊ लागली. उवांबद्दल शाळेतून निरोप आला होता, आणि रोवणीच्या दिवसांत दुसरा उपाय नाही म्हणून आईने तिचे केस कानाच्या वर कापले होते. पोळा होऊन गेला तरी ती ओढणी सुटली नाही. सर्वांच्या आधी हात वर करणारी मुलगी मागच्या रांगेत जाऊन बसू लागली. तिच्या आईला नावे ठेवणार कोण? मजुरी बुडवून केस विंचरत बसा, असे सांगायला आपले काय जाते! म्हणूनच कमी पैशांत, कमी वेळात आणि न दुखवता लांब केस कसे विंचरावेत, हा विषय किरकोळ नाही.

आमच्या घरी धाकटी लेक सातवीत आहे. केस कमरेपर्यंत. तिची आई अंगणवाडी सेविका असल्याने सकाळी तिचीच धावपळ असते. त्यामुळे वेणीचे खाते आमच्याकडे आले. शेजारच्या काकूंनी अंगणातून विचारलेच, "काय जी भाऊ, आता वेण्याबी घालता का?" आम्ही म्हटले, "कार्यालयात फायलींच्या गाठी सोडवतो, घरी केसांच्या!" पण लेक मात्र हसली नाही. ती म्हणाली, "बाबा, कापूनच टाका, लई दुखते." तेव्हा आम्ही ठरवले की आधी माल तपासायचा, मग निकाल द्यायचा. वाणिज्य शाखेत शिकलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार?

प्रथम केस म्हणजे काय ते पाहू. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे साठ सेंटिमीटर लांब केसाचे टोक पाच वर्षे जुने असते. सातवीतल्या मुलीच्या वेणीचा शेंडा ती दुसरीत असतानाचा! त्या शेंड्याने पाच उन्हाळे नि पाच पावसाळे काढलेले असतात. तो मुळाजवळच्या केसासारखा दणकट कसा राहील? केसाच्या वरच्या थरावर बारीक खवले असतात. आपल्या घरावरची कवेलू जशी एकावर एक, उताराकडे तोंड करून बसवलेली असतात, तसे ते मुळाकडून शेंड्याकडे बसलेले असतात. ते सपाट बसले की केस मऊ आणि चमकदार दिसतो. उचकटले की केस एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो. ओला केस पाणी पिऊन फुगतो, जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. म्हणून रोवणीहून आल्या आल्या बारीक फणी फिरवणे म्हणजे केस तोडण्याचे काम होय.

दोष कोठे आहे ते गुंतवळ सांगते. विंचरून झाल्यावर फणीतले केस उजेडात पाहावेत. लांब केस असेल आणि त्याच्या एका टोकाला पांढुरका बारीक ठिपका असेल, तर तो आपणहून गळलेला केस. असे पन्नास ते शंभर केस रोज गळतातच, त्याची धास्ती नको. पण आखूड, ठिपका नसलेले तुकडे पुष्कळ निघत असतील तर केस तुटत आहेत असे समजावे. मग फणी बदला, नाहीतर हात बदला. केसांवर भांडी देणारा फेरीवाला गावात येतो, त्यालाही हा फरक कळतो. कारण गुंतवळ पुढे टोपांच्या धंद्यात जाते आणि तिथे लांबीला भाव असतो. कर्नाटकातल्या कोप्पळजवळ भाग्यनगरला या केसांचा मोठा व्यवसाय आहे.

आता बाजारात चला. मनिहारीच्या दुकानात चार प्रकार दिसतात. पहिली बारीक दातांची फणी. ती उवांसाठी, लांब केसांचा गुंता काढायला ती मुळीच वापरू नये. दुसरा रुंद दातांचा कंगवा, दहा-वीस रुपयांत मिळणारा. ओल्या केसांना हाच. तिसरा रबरी गादीचा ब्रश, ज्याचे दात दाबले की आत जातात. ही गादीची युक्ती जुनी आहे. लंडनच्या मेसन पिअर्सन यांनी ती १८८५ साली आणली आणि त्यांच्या नावाचा ब्रश आजही हजारो रुपयांना विकला जातो. आपल्याला त्याची गरज नाही, तीच युक्ती आठवडी बाजारात शंभराच्या आसपास मिळते. चौथा प्रकार नवा आहे: दांडा नसलेला, मुठीत मावणारा, लांब-आखूड लवचिक दातांचा. इंग्लंडमधल्या एका केस रंगवणाऱ्या कारागिराने तो काढला. २००७ साली तिथल्या दूरदर्शनवरील कार्यक्रमात धनवंतांनी त्याला भांडवल नाकारले, पुढे तोच ब्रश 'टँगल टीझर' नावाने जगभर खपला. त्याच्या स्वस्त नकला आता आपल्याकडेही आल्या आहेत आणि त्यांतल्या काही बऱ्या असतात.

याशिवाय डुकराच्या राठ केसांचा ब्रश असतो. तो मुळाजवळचे तेल शेंड्यापर्यंत नेतो आणि केसाला चकाकी आणतो, पण दाट गुंता त्याने सुटत नाही. या ब्रशची एक गोष्ट मात्र आपल्या वाचकांना माहीत असावी. इंग्रजांच्या काळात कानपूरहून असे केस विलायतेला जात. ते गोळा करून, धुऊन, जुळवून देण्याचे काम मुख्यतः अस्पृश्य मानलेल्या खाटीक समाजाकडे होते. काम करणाऱ्याचा स्पर्श चालत नव्हता, त्याच्या हातून गेलेला ब्रश मात्र साऱ्या जगाला चालत होता!

ब्रश घेताना नावाकडे न पाहता या परीक्षा कराव्यात. एक, मनगटाच्या आतल्या बाजूवर तो दाबून फिरवावा. तिथे ओरखडा उठला तर डोक्यावरही उठेल. दोन, कंगव्याच्या दातांमधून नख फिरवावे. साच्यातून काढलेल्या स्वस्त प्लास्टिकला जोडाच्या जागी बारीक धार राहते. हीच धार केसाचे कवेलू उचकटते. तीन, दातांच्या टोकांवरचे गोळे पाहावेत. एकही निघालेला असेल तर तो ब्रश घेऊ नये, आणि घरच्या ब्रशचे गोळे झडले की तो फेकून द्यावा. चार, गादी बोटाने दाबावी. ती सहज दबून परत वर आली पाहिजे. लाकडी कंगवा मिळाला तर उत्तमच. हिवाळ्यात प्लास्टिक घासले की केस उभे राहतात, लाकडाने तसे फारसे होत नाही. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरात मुरिया गोंडांचे तरुण लाकडाची फणी कोरून आवडत्या मुलीला देत असत. व्हेरियर एल्विन यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याची नोंद आहे. फणी ही मायेची वस्तू आहे, हे त्या जंगलातल्या पोरांना ठाऊक होते.

आता हाताचे काम. केस आधी टॉवेलात दाबून टिपावेत, घासू नयेत. दोन-चार थेंब तेल शेंड्यांना लावावे. केसांचे चार भाग करावेत. सुरुवात शेंड्यापासून करावी, चार बोटे वर, पुन्हा चार बोटे वर. गाठ लागली की तिच्या वरचा केस दुसऱ्या हाताच्या मुठीत घट्ट धरावा म्हणजे ओढ मुठीला बसते, डोक्याला बसत नाही. दुखणे थांबवणारी खरी युक्ती हीच, आणि तिला पैसा लागत नाही. गुंता सुटून केस सुकले की मगच ब्रश मुळाकडून शेंड्याकडे हलक्या हाताने फिरवावा. रोज शंभर वेळा ब्रश फिरवावा ही जुनी समजूत सोडून द्यावी. त्याने केस झिजतो. रात्री सैल वेणी घालून निजले की सकाळचे अर्धे काम वाचते. आमच्या घरी या रीतीने दहा मिनिटे लागतात, आणि कात्रीची मागणी बंद झाली आहे.

ब्रशमधले केस रोज काढावेत. आठवड्याला कोमट पाण्यात थोडा शाम्पू टाकून धुवावा आणि दात खाली करून वाळवावा. ब्रश साफ करणे सोपे व्हावे म्हणून न्यूयॉर्कच्या लायडा न्यूमन या कृष्णवर्णीय केशकारागीर बाईने १८९८ साली वेगळे काढता येणाऱ्या दातांच्या ब्रशचे पेटंट मिळवले होते.

उवांची लाज तर मुळीच बाळगू नये. ऊ उडत नाही, घाणीतून जन्मत नाही. डोक्याला डोके लागले की ती चालत जाते. इस्रायलमधील लाखीश येथे सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची हस्तिदंती फणी सापडली. तिच्यावर उवा निघून जावोत अशी प्रार्थना कोरलेली आहे, हे २०२२ साली वाचले गेले. वर्णमालेत लिहिलेले, आजवर सापडलेले सर्वांत जुने पूर्ण वाक्य ते हेच! हस्तिदंत परवडणाऱ्या घरातही उवा होत्या. उपाय साधा आहे: केस ओले करून, तेल किंवा साबण लावून, आधी कंगव्याने गुंता काढावा आणि मग बारीक फणी मुळापासून फिरवावी. लिखा फुटायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून दर तीन-चार दिवसांनी असे दोन-तीन आठवडे करावे. घरातल्या सर्वांची डोकी तपासावीत. प्रत्येकाची फणी वेगळी असावी. राकेल कधीही लावू नये. डोक्याची कातडी भाजते आणि चुलीजवळ जिवावर बेतते.

हिशेब मांडला तर कंगवा, गादीचा ब्रश आणि फणी मिळून दीड-दोनशे रुपये होतात, आणि नीट वापरले तर दोन वर्षे निघतात. उरतो तो वेळ. रोवणीच्या दिवसांत आईकडे तो नसतो हे आपण पाहिलेच. मग बापाकडे दहा मिनिटे का नसावीत? बंधूंनो, वेणी घालायला शिका. तीन पेडांचे काम आहे. चार दिवस वाकडी येईल, पाचव्या दिवशी सरळ येईल. आणि तेवढ्या दहा मिनिटांत लेक शाळेतले जे सांगते, ते एरवी कधी सांगत नाही.