परसदारचं वर्ष

न्यू जर्सीच्या उत्तरेला पार्सिपनीत आमचं घर आहे. मागच्या परसात एक जुना ओक, एक मेपल आणि कुंपणालगत डॉगवुडची झाडं. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर लोखंडी खांबाला पक्ष्यांचे फीडर टांगले आहेत. एकात काळ्या सालीचं सूर्यफुलाचं बी, दुसऱ्यात कारळे आणि थंडीत जाळीच्या पिंजऱ्यात चरबीची वडी. हे कारळे आपल्या चटणीतलेच. भारतातून आणि इथिओपियातून ते अमेरिकेत येतात आणि इथे रुजू नयेत म्हणून आधी तापवले जातात. चहाचा कप हातात घेऊन या खिडकीशी बसणं हा माझ्या दिवसाचा सगळ्यात आवडता भाग आहे.

आमचं पक्ष्यांचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. ओकची पानं तांबूस व्हायला लागली की एखाद्या सकाळी जमिनीवर जंको दिसतात. पाठ करडी, पोट पांढरं, चोच फिकट गुलाबी. उडाले की शेपटीच्या दोन्ही कडांची पांढरी पिसं लख्खकन दिसतात. फीडरवर ते क्वचितच चढतात. वरून सांडलेले दाणे पायांनी पाचोळा उकरून टिपतात. कॅनडातल्या जंगलांतून ते इथे हिवाळा काढायला येतात. ज्या थंडीला आम्ही कंटाळतो, ती त्यांना उबदार वाटते, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हापासून मी थंडीबद्दल कुरकुर करणं सोडून दिलं.

जानेवारीत सगळं गोठलेलं असताना माझं लक्ष चिकडीवर असतं. वजन जेमतेम दहा-बारा ग्रॅम, डोक्यावर काळी टोपी, गळ्याशी काळा डाग. ती फीडरवर बसून खात नाही. येते, एक बी उचलते आणि फांदीवर जाते. तिथे ते बी दोन्ही पायांत धरून चोचीनं ठोकते, साल उडवते, गर खाते आणि परत येते. अधूनमधून ती बी न खाता ओकच्या सालीच्या भेगेत खोचून ठेवते. असे दाणे ती शेकडो जागी लपवते आणि बऱ्याच दिवसांनीही नेमके शोधून काढते. कडाक्याच्या रात्री ती शरीराचं तापमान काही अंशांनी उतरवते, त्यामुळे साठवलेली चरबी सकाळपर्यंत पुरते.

आपण दाणे घातले नाहीत तर ही पाखरं मरतील, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. विस्कॉन्सिनमध्ये मार्गारेट ब्रिटिंगहॅम आणि स्टॅन्ली टेंपल यांनी चिकडींवर केलेला अभ्यास वाचला आणि चित्र स्पष्ट झालं. फीडर जवळ असूनही चिकडी रोजच्या खाण्यातला सुमारे पाचवा हिस्साच तिथून घेते. बाकीचं स्वतः शोधते. फीडर काढून टाकले तरी त्या भागातल्या चिकडी, जिथे फीडर कधीच नव्हते तिथल्या चिकडींइतक्याच तगल्या. मात्र कडक थंडीच्या महिन्यांत फीडरचा आधार असलेल्या चिकडी जास्त संख्येनं वाचल्या. म्हणजे आपला दाणा त्यांना अडचणीत उपयोगी पडतो, पण त्यांचं आयुष्य त्यावर चालत नाही. मला यात फार समाधान वाटतं. आम्ही सुट्टीत भारतात गेलो की फीडर रिकामे राहतात, आणि त्याची मला काळजी वाटत नाही.

फेब्रुवारी संपत आला की लाल खांद्यांचे ब्लॅकबर्ड ओरडत येतात. बर्फ अजून वितळलेला नसतो, पण वसंत सुरू झाल्याची खूण मिळते. त्याच सुमारास कार्डिनलचा लालभडक नर चोचीत बी सोलतो आणि शेजारी बसलेल्या मादीच्या चोचीत अलगद ठेवतो. हिवाळ्यात हाच नर तिला फीडरवरून हुसकावत असतो.

एप्रिलमधला गोल्डफिंच मात्र बघतच राहावा. हा न्यू जर्सीचा राज्यपक्षी. हिवाळाभर तो मळकट हिरवट दिसतो. मग पिसं झडू लागतात आणि गळ्यावर, छातीवर, डोक्यावर पिवळे ठिपके उमटतात. मधल्या दिवसांत तो अर्धवट रंगवलेल्या खेळण्यासारखा दिसतो. मे उजाडेपर्यंत सगळा नर हळदीच्या रंगाचा होतो. कारळ्याच्या फीडरला तीन-चार नर एकदम लटकले की खिडकीपासून हलवत नाही.

मेच्या सुरुवातीला मी हमिंगबर्डसाठी साखरेचं पाणी टांगते. एका वाटी साखरेला चार वाट्या पाणी, रंग अजिबात नाही. उन्हाळ्यात हे पाणी आंबतं, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी फेकून भांडं घासायचं. तीन ग्रॅमचा हा पक्षी मध्य अमेरिकेतून आणि मेक्सिकोतून येतो. त्यांतले कित्येक मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात. सप्टेंबरात परत जाण्याआधी तो खाऊन खाऊन वजन जवळपास दुप्पट करतो.

उन्हाळ्यात दाण्यांचे फीडर ओस पडतात, कारण तेव्हा पिलांना अळ्या लागतात. चिकडीच्या एका जोडीला एक वीण वाढवायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात, असं डेलावेअर विद्यापीठातले कीटकतज्ज्ञ डग टॅलामी सांगतात. ओकवर शेकडो जातींच्या अळ्या पोसल्या जातात; बाहेरून आणलेल्या शोभेच्या झाडांवर फार थोड्या. म्हणूनच आमच्या परसातला ओक आम्ही कधीही तोडणार नाही आणि झाडांवर कीटकनाशक मारत नाही. या भागात काळी अस्वलं फिरतात, त्यामुळे एप्रिलपासून दाण्यांचे फीडर संध्याकाळी घरात घ्यावे लागतात.

एका थंडीत डोळा सुजून बंद झालेला हाउस फिंच फीडरला चिकटून बसलेला दिसला. मूळचा पश्चिमेकडचा हा पक्षी 1940 च्या सुमारास न्यूयॉर्कजवळ सोडला गेला आणि पूर्वेला पसरला. 1994 मध्ये त्याच्यात डोळ्यांचा हा संसर्ग दिसू लागला. एका फीडरवर अनेक पक्षी चोची घासतात, म्हणून तो तिथे झपाट्यानं पसरतो. मी त्याच दिवशी सगळे फीडर उतरवले, शेजारणीलाही सांगितलं. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी घेऊन ते धुतले, खडखडीत वाळवले आणि पंधरा दिवसांनी पुन्हा टांगले. आता आजार असो-नसो, दर पंधरवड्याला फीडर धुते. खिडकीच्या काचेवर दोन-दोन इंचांवर ठिपके चिकटवले आहेत, कारण आकाशाचं प्रतिबिंब बघून पक्षी काचेवर आदळतात.

1970 नंतरच्या अर्धशतकात उत्तर अमेरिकेतले जवळजवळ तीन अब्ज पक्षी कमी झाले, असं 2019 मध्ये शास्त्रज्ञांनी मांडलं. हे समजतं ते वर्षानुवर्षं कुणीतरी मोजत राहिल्यामुळे. कॅनडातल्या ओंटारिओत 1976 मध्ये सुरू झालेली फीडरवरच्या पक्ष्यांची मोजणी 1987 च्या हिवाळ्यापासून सगळ्या उत्तर अमेरिकेत होते. नोव्हेंबर ते एप्रिल माझ्या खिडकीतल्या नोंदीही त्यात जातात.

परसात दाणे टाकणं हा आपला आनंद आहे. पक्ष्यांना आपल्याकडून खरोखर हवी आहेत ती स्थानिक झाडं, विषारी फवारणी नसलेली बाग, घरात राहणारी मांजर, स्वच्छ पाणी आणि स्वच्छ भांडं. हे पुण्याच्या गॅलरीत, नागपूरच्या अंगणात किंवा गोव्यातल्या परड्यातही जमण्यासारखं आहे. दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातल्या पक्ष्यांची मोजणी होते आणि 2013 पासून भारतही तिच्यात भाग घेतो. येत्या फेब्रुवारीत निदान पंधरा मिनिटं खिडकीशी बसा, जे पक्षी दिसतील ते मोजा आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा. कावळा, चिमणी, साळुंकी एवढेच दिसले तरी ती नोंद मोलाची आहे.